बघणाऱ्यानं सांगायचं, बाकीच्यांनी काढायचं

आठवीच्या भूगोलात ‘सागरतळरचना’ हा पाठ आहे. समुद्रबूड जमीन (किनाऱ्यालगत उथळ पाण्याखाली गेलेली), खंडान्त उतार (ती संपल्यावर लागणारा उतार), सागरी मैदान, सागरी गर्ता, जलमग्न डोंगररांगा अशी एकामागून एक भूरूपं. मी हा पाठ सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवते. आमचा भाग अवर्षणाचा. मुलांनी खोल पाणी पाहिलेलं असतं ते विहिरीतलं, आणि मार्च-एप्रिलनंतर बऱ्याचदा तेही नसतं. समुद्र पाहिलेली मुलं वर्गात मोजकी. त्यात मेंढपाळांच्या घरातली दोन-तीन, कारण पावसाळा सरला की त्यांचे वाडे मेंढरांसह घाट उतरून कोकणात जातात. बाकीच्यांसाठी समुद्र म्हणजे टीव्हीवरची लाट. त्या पाण्याखाली जमीन आहे, तिला उतार आहे, डोंगर आहेत, हे त्यांना कुठून दिसणार? त्यामुळे वर्षानुवर्षं उत्तरपत्रिकेत एकच आकृती येते. किनाऱ्यापासून खाली जाणाऱ्या चार पायऱ्या आणि प्रत्येक पायरीला एक नाव. सुबक, पाठ केलेली आणि चुकीची.

आमच्याकडे व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवले की चहूबाजूंनी आभासी जग दाखवणारे चष्मे, आले ते पुण्यात नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्यानं दिले म्हणून. मला ते हवे होते ते या पाठासाठी.

त्याआधी आम्ही पुठ्ठ्याचे चष्मे वापरले होते. गूगलनं २०१४ मध्ये कार्डबोर्ड आणलं. घडी घातलेला पुठ्ठा, दोन भिंगं, आणि आत आपलाच मोबाइल सरकवायचा. त्यामागचं तत्त्व बरंच जुनं आहे. चार्ल्स व्हीटस्टननं १८३८ मध्येच दाखवलं होतं की डाव्या आणि उजव्या डोळ्यासमोर किंचित वेगळी चित्रं धरली, की मेंदू त्यांतून खोली उभी करतो. काम स्वस्तात होत होतं, पण त्यासाठी मोबाइलमध्ये जायरोस्कोप, म्हणजे फोन कसा वळला ते ओळखणारा भाग, असावा लागतो आणि आमच्या शिक्षकांच्या बऱ्याच फोनांत तो नव्हता. तिथं मान वळवली तरी चित्र जागचं हलत नसे. शाळांसाठीचं गूगलचं एक्स्पेडिशन्स हे अ‍ॅप २०२१ मध्ये बंद झालं आणि त्यातली पुष्कळ दृश्यं गूगल आर्ट्स अँड कल्चरवर गेली. त्या पुठ्ठ्यांनी एक मात्र कळलं होतं. चष्मा डोळ्यांवर गेला की मूल वर्गातून निघून जातं. ते बाकावरच असतं, पण त्याला ना मी दिसते, ना फळा, ना शेजारचा सोबती. ही गोष्ट माझ्या मनात राहिली, कारण वर्ग म्हणजे एकमेकांकडे बघत शिकणं, अशीच माझी आजवरची समजूत आहे.

नवे हेडसेट सहा होते. मोबाइल न लागणारे, स्वतःचा पडदा आणि प्रोसेसर असलेले, अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचे. आठवीच्या वर्गात मुलं ४८.

पहिली सभा पालकांची. शाळा व्यवस्थापन समितीतल्या एका आजोबांनी सरळ विचारलं, “मॅडम, ह्येच्या पैशात पोरांस्नी दुसरं काय आलं असतं?” प्रश्न रास्त होता. देणगी वस्तूच्या रूपात आली आहे, तिचे पैसे करता येणार नाहीत, हे मुख्याध्यापकांनी सांगितलं. पण आजोबांचा प्रश्न मी बाजूला टाकला नाही. ज्या कामाला फळा, पृथ्वीगोल किंवा एसटी पुरते, त्या कामाला हे यंत्र काढायचं नाही, असं मी त्याच सभेत कबूल केलं. दुसरा प्रश्न एका आईचा होता. डोळे बिघडतील का? मी तिला जे ठाऊक होतं तेवढं सांगितलं. पडदा डोळ्यांपासून काही सेंटिमीटरवर असला तरी भिंगांमुळे डोळ्यांना तो एक-दोन मीटरवर असल्यासारखं केंद्रित व्हावं लागतं. चित्रातली वस्तू मात्र कधी हाताच्या अंतरावर, कधी क्षितिजावर भासते. बुबुळं त्या वस्तूप्रमाणे आत-बाहेर वळतात आणि केंद्रित होण्याचं अंतर तेच राहतं. या ओढाताणीनं डोळे थकतात, डोकं दुखू शकतं. म्हणून लहान मुलांना नाही आणि मोठ्यांनाही थोडा वेळच. क्वेस्ट हेडसेट बनवणाऱ्या मेटानं २०२३ मध्ये किमान वय १३ वरून १० केलं, तेही पालकांच्या देखरेखीखालच्या खात्यासह. आम्ही मात्र आठवीच्या खाली न उतरायचं ठरवलं. एका वेळी पाच-सहा मिनिटं आणि पालकांची लेखी संमती. ज्यांनी संमती दिली नाही त्यांच्या मुलांना पाठात कसं धरायचं, याचा विचार तेव्हापासून सुरू झाला, आणि पुढं तोच सगळ्यात उपयोगी पडला.

तयारीबद्दल सविस्तर लिहिते, कारण जाहिरातीत यातलं काहीच नसतं.

सगळ्यात आधी ऊन. हेडसेटच्या भिंगांवर सरळ ऊन पडलं तर आतला पडदा कायमचा जळतो, आणि त्याला फार वेळही लागत नाही. माणदेशात फेब्रुवारीपासून खिडकीतून येणारं ऊन कसं असतं ते इथं राहणाऱ्यालाच माहीत. नुसतं “उन्हात ठेवू नका” म्हणून मुलं ऐकत नाहीत, म्हणून विज्ञानाच्या सरांनी सगळ्यांना मैदानावर नेलं आणि भिंगानं कागद पेटवून दाखवला. हेडसेटच्या आतही अशीच दोन भिंगं आहेत, एवढं सांगितल्यावर पुन्हा बजावावं लागलं नाही. भूगोलाच्या खोलीला जुन्या साड्यांचे दुहेरी पडदे शिवून घेतले. काम झालं की हेडसेट भिंगं खाली करून पेटीत, पेटी कपाटात.

मग तेल. आमच्याकडे मुलं डोक्याला चोपून तेल लावून येतात, आणि ते चांगलंच आहे. पण कपाळावर टेकणाऱ्या फोममध्ये तेल आणि घाम मुरतो, वास येतो, पुढच्या मुलाच्या कपाळावर पुरळ येऊ शकतं. फोमवर सिलिकॉनचं आवरण घातलं, म्हणजे ते पुसता येतं. शिवाय प्रत्येकानं घरून धुतलेल्या सुती कापडाची पट्टी आणायची, ती कपाळाला बांधायची आणि मग हेडसेट. भिंगं मात्र फक्त कोरड्या मऊ कापडानं पुसायची. स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावला तर त्यांच्यावरचा थर जातो. मुलींच्या दुमडून बांधलेल्या दोन वेण्यांवर मागचा पट्टा नीट बसत नाही. तो वेण्यांच्या खाली, कवटीच्या मागच्या उंचवट्याखाली घ्यावा लागतो. नाहीतर सगळं वजन गालांवर येतं आणि चित्र धूसर दिसतं.

धूसर दिसण्याचं दुसरं कारण म्हणजे दोन बुबुळांमधलं अंतर. आमच्या हेडसेटवर त्यासाठी तीन खाचा आहेत, ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटरच्या. मुलांनी जोड्या करून मोजपट्टीनं एकमेकांची अंतरं मोजली आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली. त्या दिवशी गणिताच्या मॅडमनी त्याच आकड्यांवर सरासरी शिकवली.

वीज आणि इंटरनेट यांचं थोडक्यात सांगते. शाळेच्या नेटवर काहीही भरवशाचं उतरत नाही. दृश्यं आदल्या आठवड्यात तालुक्याच्या गावी उतरवून ठेवायची. चार्जिंग दोन-अडीच तास टिकतं, ते रात्रीच करून ठेवायचं. एका हेडसेटमधलं दृश्य प्रोजेक्टरवर दिसावं म्हणून एक छोटा राउटर लावायचा. त्याला बाहेरचं इंटरनेट नसलं तरी आमचं काम भागतं.

२०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे येण्याची साथ पसरली. ती ओसरेपर्यंत कपाट उघडलंच नाही. एका डोळ्यावरचं यंत्र दुसऱ्याच्या डोळ्यावर जाणार असेल तर इथं सवलत नाही. हे मी भेटायला येणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला सांगते.

आता वर्गाचं.

सुरुवातीला आम्ही रांगेनं दाखवलं. सहा मुलं बघतायत, बाकीची वाट बघतायत. जे बघून आले त्यांचे चेहरे फुललेले. “कसं होतं?” “लय भारी!” “काय दिसलं?” “पाणी. मासं. लय खोल.” मी सगळ्यांना वहीत सागरतळाची आकृती काढायला सांगितली आणि त्याच चार पायऱ्या आल्या. मुलं खरोखर थरारली होती, पाठ त्यांना आवडला होता, आणि समज जिथली तिथंच होती. मला ते फार लागलं, कारण यंत्रानं दिलेला आनंद खोटा नव्हता.

नंतर याच धर्तीचं एक संशोधन वाचनात आलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या जोसेलिन परोंग आणि रिचर्ड मेयर यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रक्तपेशींचा एकच धडा काहींना व्हीआरमध्ये आणि काहींना साध्या स्लाइडवर दाखवला. व्हीआरवाल्यांना मजा जास्त आली, पण प्रश्नांची उत्तरं स्लाइडवाल्यांना जास्त आली. त्याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात व्हीआरचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यानंतर विद्यार्थ्यांना पाहिलेलं आपल्या शब्दांत लिहायला लावलं. या विद्यार्थ्यांची समज नुसतं व्हीआर बघणाऱ्यांपेक्षा चांगली निघाली. कोपनहेगनच्या ग्विडो माक्रान्स्की यांनी मेयर यांच्याच जोडीनं २०१९ मध्ये मांडलेला निष्कर्षही याच वाटेवरचा आहे. प्रयोगशाळेचं सादृश्यीकरण हेडसेटमध्ये दिलं तर आपण तिथं असल्याची जाणीव वाढते, शिकणं मात्र कमी होतं. हे वाचलं तेव्हा आमच्या वर्गात वेगळी पद्धत आधीच सुरू झाली होती. तिचं कारण संशोधन नव्हतं. संमती न मिळालेली मुलं आणि सहाच हेडसेट, हे तिचं कारण.

आठ-आठ जणांचे सहा गट केले. प्रत्येक गटात एक बघणारा. तो सतरंजीवर मांडी घालून बसणार. एक राखणदार. तो बघणाऱ्याच्या खांद्याजवळ बसणार, त्याचा हात कुठं आपटू नये हे बघणार आणि वेळ मोजणार. उरलेले सहा मध्ये मोठा कागद पसरून बसणार. बघणाऱ्यानं जे दिसतंय ते सांगायचं. हातवारे करायचे नाहीत, कारण त्याचे हात कुणाकडे वळलेत हे त्यालाच कळत नाही. कागदवाल्यांनी ऐकून काढायचं आणि अडलं की विचारायचं. हेडसेटचा आवाज बंद, कारण आतलं निवेदन इंग्रजीत असतं. आवाज फक्त आपला आणि मराठीत.

पहिल्याच तासाला खोलीतला गोंगाट पार बदलला. आधीचा गोंगाट रांगेचा होता, हा कामाचा होता.

“आता पाण्याखाली हाय. जमीन दिसतीया. सपाटच हाय की.”

“एकदम सपाट का थोडी उतरती?”

“थांब... उतरती हाय, पण लय थोडी. लांबपतोर तशीच.”

“किती लांब?”

“कसं सांगू? दिसतंय तितवर.”

“मग पुढं?”

“पुढं अंधार. जमीन खाली गेली.”

“खाली गेली म्हंजे तुटली का वळली?”

हा शेवटचा प्रश्न विचारणारी मुलगी वर्गात क्वचित बोलते. तिला पेन्सिल पुढं न्यायची होती आणि रेघ कुठं वाकवायची ते कळत नव्हतं, म्हणून तिला विचारणं भाग पडलं. बघणाऱ्यालाही पुन्हा मान खाली घालून नीट बघावं लागलं, कारण “भारी” या शब्दाची रेघ काढता येत नाही. तो बराच वेळ बघून म्हणाला, “तुटली न्हाय. वळली. पण लय उभी हाय.”

पुस्तकात खंडान्त उताराचा कोन दोन ते पाच अंश दिलेला आहे. मुलांनी कागदावर काढलेला उतार साठ-सत्तर अंशांचा होता, आणि बघणारे शपथेवर सांगत होते की आत तसंच दिसतंय. त्यांचं बरोबर होतं. आत तसंच दिसतं. सागरतळाच्या जवळजवळ प्रत्येक प्रतिकृतीत उंची-खोली कितीतरी पटींनी ताणलेली असते, नाहीतर पडद्यावर काहीच वरखाली दिसणार नाही. मग पाच अंश म्हणजे किती, हे बघायला आम्ही बाहेर आलो. शाळेच्या दाराशी चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्प आहे. बारा फुटांत एक फूट चढ, हे अशा रॅम्पचं ठरलेलं माप. कंपासमधला कोनमापक, दोरा आणि खडा घेऊन मुलांनी तो मोजला तर पाचाच्या जरा आत आला. त्याच रॅम्पवरून मधल्या सुट्टीत सगळे पळत चढतात-उतरतात. समुद्रातला तो ‘लय उभा’ उतार खरं तर एवढाच. वर्ग अवाक झाला. हेडसेटनं दिलेलं चित्र आणि रॅम्पनं दिलेलं माप, दोन्ही एकाच तासात हाताशी होतं म्हणून हे घडलं. एकट्या हेडसेटनं त्यांच्या मनात कडा कोरला असता, आणि पुस्तकातल्या आकृतीपेक्षा तो अधिक घट्ट बसला असता, कारण तो ‘स्वतःच्या डोळ्यांनी’ पाहिलेला असतो.

मग समुद्रबूड जमीन. मुंबई हायमधलं तेल १९७४ मध्ये सापडलं. ते क्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत आहे, म्हणजे आमच्या गावापासून पुणं जेवढं लांब, साधारण तेवढं. इतक्या आत जाऊनही तिथं पाण्याची खोली शंभर मीटरच्या आत. मुंबईसमोर ही समुद्रबूड जमीन रुंद आहे, दक्षिणेकडे केरळच्या बाजूला अरुंद होत जाते. “दिसतंय तितवर” म्हणणाऱ्या मुलाला आता आकडा मिळाला. आणि मारियाना गर्तेची जवळपास अकरा किलोमीटर खोली सांगितल्यावर त्यांनी आपणहून विचारलं, “मॅडम, हितं चित्र किती ताणलंय?” एका शिक्षिकेला याहून मोठं काय हवं?

‘पृथ्वीचे अंतरंग’ या पाठात क्रम उलटा ठेवला. आधी मैदान, मग हेडसेट. खेळाच्या फक्कीनं ६.४ मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखलं. एक मीटर म्हणजे हजार किलोमीटर. खंडांखालचं भूकवच सरासरी ३५ किलोमीटर धरलं तर वर्तुळावर ते साडेतीन सेंटिमीटर, म्हणजे फक्कीच्या रेघेहून थोडं रुंद. त्याखालचा थर म्हणजे प्रावरण, ते २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत, म्हणजे कडेपासून २.९ मीटर आत. माणसानं पाडलेलं सगळ्यात खोल छिद्र रशियातल्या कोला द्वीपकल्पावरचं, १२,२६२ मीटर. वर्तुळावर ते बोटाच्या पेराएवढंही भरलं नाही.

इथं आमच्या जिल्ह्याचं सांगण्यासारखं काही आहे. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप घराघरांतल्या आज्यांना आठवतो. त्या भागातल्या भूकंपांचा खडकात उतरून अभ्यास करायला पृथ्वी विज्ञान मंत्रालयानं कराडला प्रयोगशाळा उभारली आणि गोठणे इथं तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं. वरचा काळा बेसॉल्ट संपून खाली ग्रॅनाइट लागला. आमच्या वर्तुळावर तीन किलोमीटर म्हणजे तीन मिलिमीटर. एका मुलानं तेवढ्या लांबीची काडी मोडून कडेवर ठेवली आणि कितीतरी वेळ तिच्याकडे बघत बसला.

त्यानंतर हेडसेटमधून पृथ्वीच्या आत. बघणारे सांगू लागले, “सगळीकडं लाल रस हाय, वाहतोय.” गटांनी प्रावरण लाल रसानं भरून काढलं. हे चित्र जवळजवळ सगळीकडे असंच रंगवतात आणि त्यातून पक्का गैरसमज होतो. प्रावरण बहुतांशी घन आहे. ते सरकतं, पण लाखो वर्षांच्या हिशोबानं. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत. त्या प्रावरणातून आरपार जातात आणि बाह्यगाभ्यापाशी अडतात, म्हणून बाह्यगाभा द्रव असल्याचं कळलं. १९३६ मध्ये इंगे लेमान या डॅनिश भूकंपशास्त्रज्ञ बाईंनी लहरींच्याच नोंदींवरून सांगितलं की त्याच्याही आत आणखी एक गाभा आहे. पृथ्वीच्या आत कुणी बघितलेलं नाही. तिथलं सगळं ज्ञान ऐकून मिळवलेलं आहे. मुलांना हे फार भावलं, कारण त्यांच्या गटातले सहा जण तेच करत होते. संमती न मिळालेल्या एका मुलीनं तर ठासून सांगितलं, “मॅडम, मी कागदावरच बसणार. मला इचारायचं असतं.”

त्रास झालाच नाही असं नाही. काहींना गरगरतं. डोळे सांगतात आपण पुढं चाललोय, कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण बसलोय, आणि पोट ढवळतं. म्हणून कॅमेरा आपोआप धावणारी दृश्यं वर्गात नाहीत. रोलर कोस्टर मुलांनी कितीही मागितला तरी नाही. जागचं हलायचं नाही आणि मान सावकाश वळवायची. ‘नको’ म्हणताच राखणदारानं हेडसेट काढायचा, कारण विचारायचं नाही, हसायचं नाही. ३६० अंशांच्या व्हिडिओत डोकं पुढं नेलं तरी वस्तू जवळ येत नाही, त्यानंही काहींना कसंतरी होतं. त्रिमितीय प्रतिकृतीत हा त्रास कमी. निवड करताना हे बघावं.

एका मुलाला मात्र काहीच होत नव्हतं, म्हणजे खोलीच दिसत नव्हती. “समदं सपाट हाय, फळ्यागत,” असं तो प्रत्येक दृश्याला म्हणायचा. खाच बदलून पाहिली, पट्टा बदलून पाहिला. मग विज्ञानाच्या सरांनी त्याला एकेक डोळा झाकून फळा वाचायला लावला. डाव्या डोळ्यानं त्याला मोठी अक्षरंही लागत नव्हती, आणि घरी कुणालाच, त्यालाही, माहीत नव्हतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे त्याचं नाव दिलं, तपासणी झाली, चष्मा लागला. अशा आळशी डोळ्याचे, म्हणजे मेंदू ज्याचा नीट वापर करत नाही त्या डोळ्याचे, उपचार लहानपणी जितके लवकर तितके बरे, हे डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून आठवीच्या वर्गात हेडसेट कपाटातून काढण्याआधी आम्ही एकेक डोळा झाकून वाचायची तपासणी सगळ्यांचीच करतो. त्याला यंत्र लागत नाही. ती पहिलीतच व्हायला हवी, असं मी आता प्रत्येक शिक्षण परिषदेत उठून सांगते.

बाकी विषयांचं थोडक्यात. हृदयाचे कप्पे आतून बघणं उपयोगी पडलं. रेणूंच्या रचनेला मात्र हातात धरायचे गोळे आणि काड्याच बऱ्या, असं विज्ञानाच्या सरांचं मत पडलं. किल्ल्यांचा हट्ट मुलांनी धरला होता. सभेत आजोबांना दिलेला शब्द तिथं कामी आला. एसटी जिथं जाते तिथं हेडसेटनं जायचं नाही. वर्धनगड बघायचा तर चढून बघायचा. सातवीच्या ‘ऋतुनिर्मिती’लाही पृथ्वीगोल आणि दिवा पुरतो. शिवाय ती मुलं आमच्या वयाच्या अटीत बसत नाहीत.

वेळ लागतो, हे खरं. पस्तीस मिनिटांच्या तासात मांडामांडीही होत नाही. जोडतास मागून घ्यावा लागतो, आणि अभ्यासक्रम मागं राहतो अशी कुरबूर होते. मी वर्षात दोनच पाठ असे घेते. शेजारच्या शाळांतले शिक्षक विचारतात, किती हेडसेट घ्यावेत? प्रत्येक मुलाला एक असावा म्हणून निधी गोळा करणारेही भेटतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. ४८ दिले तरी मी सहाच बाहेर काढीन. सगळ्यांच्या डोळ्यांवर हेडसेट असला तर सांगायचं कुणाला आणि विचारायचं कुणी? बाकी पैसे मोठ्या कागदांना, दोन चांगल्या पृथ्वीगोलांना आणि सहलीला लावा.

गेल्या परीक्षेत सागरतळाच्या आकृतीखाली एका मुलानं न विचारता ओळ लिहिली होती: ‘आकृतीत उतार जास्त दाखवला आहे, खरा उतार शाळेच्या रॅम्पएवढा असतो.’ पेपर तपासताना मी ती ओळ शेजारच्या सरांना वाचून दाखवली आणि त्या प्रश्नाला पूर्ण गुण दिले. सगळ्यांच्या पायऱ्या गेल्या असं नाही. पण ज्यांनी कागदावर बसून रेघ ओढली होती, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या गेल्या.

यंदा मुलं स्वतःच दृश्यं काढणार आहेत. ३६० अंशांचा एक कॅमेरा काही दिवसांसाठी मिळतोय, आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका शाळेशी देवाणघेवाण ठरली आहे. त्यांनी ओहोटीचा किनारा आणि खाडी पाठवायची, आम्ही माणदेश. २०१८ च्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत राज्यात पहिलं आलेलं टाकेवाडी आमच्याच तालुक्यातलं. तिथले सलग समतल चर आणि भरलेला बांध घ्यायचा हे सगळ्यांना मान्य आहे. कॅमेरा चारी बाजूंचं टिपतो, म्हणून चित्रीकरणाच्या वेळी सगळ्यांनी चरात आडवं पडायचं, याचीही तालीम झाली. निवेदन मुलींनी लिहायला घेतलंय. अडलंय एवढंच की उन्हाळ्यात बाकीच्या वाड्यांवर येणारा टँकर दाखवायचा की नाही. निम्मा वर्ग म्हणतो, पाहुण्यांना कशाला दाखवायचं. निम्मा म्हणतो, बांध कशासाठी घातला ते मग त्यांना कळणार कसं? सोमवारी मतदान आहे.